पुढचे मॉडेल येऊ द्या!

आपल्या मंडळाच्या बैठकीत दर वर्षी एक विषय निघतो आणि दर वर्षी तो एकाच वाक्याने मिटतो. विषय असतो मंडळासाठी नवा संगणक घेण्याचा, वाक्य असते, "थोडे थांबू या, पुढचे मॉडेल येऊ द्या." हे वाक्य बोलणारा सभासद बदलतो, अध्यक्ष बदलतात, बैठकीत चहा देणारा मुलगाही एव्हाना शिकून नागपूरला नोकरीस लागला, वाक्य मात्र बदलत नाही. त्यास विरोध करणे कठीण असते, कारण त्यात शहाणपण दिसते, काटकसर दिसते आणि बोलणाऱ्यास जगाची खबर आहे असेही दिसते. आम्ही स्वतः हे वाक्य उच्चारलेले आहे, आणि तेही एकदाच नव्हे. म्हणूनच त्याच्याविरुद्ध लिहिण्याचा थोडाफार अधिकार आम्हांस आहे असे आम्ही समजतो.

यंदा हा विषय नेहमीपेक्षा तातडीने निघाला. मंडळाच्या खोलीतील जुना संगणक विंडोज १० या प्रणालीवर चालतो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने त्या प्रणालीचा नियमित पाठिंबा थांबविला. वैयक्तिक वापरासाठी सुरक्षा-दुरुस्त्यांची जी वाढीव मुदत तेव्हा जाहीर झाली, ती ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. पुढच्या विंडोज ११ प्रणालीस टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि साधारणतः २०१८च्या आसपासचा वा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो. आमचे यंत्र त्या परीक्षेत नापास झाले. यावर बैठकीत तीन पक्ष पडले. एक म्हणाला, सर्वांत नवे आणि सर्वांत महाग असेल ते घेऊन टाका, पुन्हा दहा वर्षे बघायला नको. दुसरा म्हणाला, मोबाइल ज्याच्या त्याच्या खिशात असताना संगणक हवाच कशाला? तिसरा, आणि संख्येने सर्वांत मोठा पक्ष म्हणाला, कृत्रिम बुद्धिमत्तेची नवी यंत्रे येत आहेत, वर्षभर थांबू. ठराव अर्थातच तिसऱ्या पक्षाचा झाला. हा लेख त्या ठरावाविरुद्ध आहे.

प्रतिपक्षाचे म्हणणे आधी प्रामाणिकपणे मांडले पाहिजे. गॉर्डन मूर यांनी १९६५ साली असे निरीक्षण नोंदविले की एका चिपवर बसविता येणाऱ्या घटकांची संख्या दर वर्षी दुप्पट होत आहे. १९७५ साली त्यांनी तो वेग सुधारून दर दोन वर्षांनी दुप्पट असा सांगितला. पुढची काही दशके हे निरीक्षण इतके खरे ठरले की लोक त्यास नियमच म्हणू लागले. ज्याने नव्वदीच्या दशकात पदरचे पैसे साठवून संगणक घेतला आणि दोनच वर्षांनी शेजाऱ्याने तेवढ्याच पैशांत दुपटीने वेगवान यंत्र आणलेले पाहिले, त्याच्या मनास लागलेला चटका आम्ही समजू शकतो. आपल्या पिढीची थांबण्याची सवय त्या चटक्यातून आलेली आहे. त्या काळी ती सवय मूर्खपणाची नव्हती.

परंतु हा युक्तिवाद आज जितका लागू पडतो तितकाच तो पुढच्या वर्षीही लागू पडेल, आणि त्याच्या पुढच्याही वर्षी. ज्या दिवशी पुढचे मॉडेल दुकानात येते, त्याच दिवशी ते 'आत्ताचे' मॉडेल होते आणि त्याच्या पुढचे 'पुढचे' ठरते. आपल्या किराणा दुकानांत 'आज रोख, उद्या उधार' अशी पाटी असते. ती वाचून दुसऱ्या दिवशी उधारी मागावयास कोणी जात नाही, कारण त्या पाटीवरचा उद्या कधी उजाडत नाही हे सौंसरच्या बाजारातील शेंबड्या पोरासही ठाऊक असते. आमच्या मंडळातील विद्वानांनी मात्र तीच पाटी बैठकीच्या खोलीत लावली आहे, आणि दर वर्षी ते मोठ्या विश्वासाने उद्याची वाट पाहतात.

आणि थांबल्याने वस्तू स्वस्त होतेच, हे तरी खरे आहे काय? २०११ साली थायलंडमध्ये महापूर आला. हार्ड डिस्क तयार करणारे मोठे कारखाने त्या पुरात सापडले आणि जगभर हार्ड डिस्कच्या किमती एकाएकी चढल्या. त्या पूर्ववत होण्यास बराच काळ लागला. २०२५च्या अखेरीस तर आणखी निराळा प्रकार घडला. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभारल्या जाणाऱ्या प्रचंड केंद्रांनी स्मृतीच्या चिपांची एवढी मागणी केली की घरगुती संगणकात लागणाऱ्या रॅमच्या किमती झपाट्याने वाढल्या, आणि डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉन या मोठ्या उत्पादक कंपनीने क्रूशियल नावाने सामान्य ग्राहकांस रॅम विकण्याचा आपला व्यवहार आवरता घेत असल्याचे जाहीर केले. म्हणजे ज्या नव्या यंत्रांसाठी आमचे सभासद थांबले, त्या यंत्रांच्या मागणीनेच जुन्या-नव्या सर्व यंत्रांची किंमत वाढविली. काटकसर म्हणून थांबलेल्या माणसास यापेक्षा कठोर उत्तर बाजाराने दिले नसते.

या वाक्याने एका अख्ख्या कंपनीचा प्राण घेतला असे सांगतात. तिचा संस्थापक ॲडम ऑसबोर्न. त्याचे बालपण तमिळनाडूत गेले आणि २००३ साली त्याचा मृत्यूही तेथेच, कोडाईकनालला झाला. १९८१ साली त्याने १,७९५ डॉलर किमतीचा, हातात उचलून नेता येईल असा संगणक बाजारात आणला. वजन सुमारे अकरा किलो, पडदा अवघा पाच इंचांचा; तरीही लोकांनी तो भराभर विकत घेतला. पुढे त्याने आपल्या येऊ घातलेल्या, अधिक चांगल्या मॉडेलांची वाच्यता वेळेआधीच केली. झाले! ग्राहक म्हणू लागले, मग हा कशाला घ्या, तो येऊ द्या. जुना माल गोदामात पडून राहिला, नवा तयार व्हायचा होता, आणि सप्टेंबर १९८३ मध्ये कंपनीने दिवाळे जाहीर केले. त्या दिवाळ्यास प्रतिस्पर्ध्यांची स्वस्त यंत्रे आणि ढिसाळ कारभार हीही कारणे होती असे काही जाणकार म्हणतात, व ते खरे असावे. तरी पुढचे येणार म्हणून आजचे न घेण्याच्या वृत्तीस व्यापारी जग आजही ऑसबोर्नचे नाव देते. कंपनी त्या वृत्तीने बुडाली हे सर्वांस दिसले. वाट पाहणाऱ्या ग्राहकांची त्या काळात किती कामे अडली, याचा हिशेब मात्र कोणी मांडलेला नाही, आणि आम्हांस चिंता आहे ती त्याच हिशेबाची.

आता आपल्या घरात येऊ. रामाकोना, सौंसर, पांढुर्णा या पट्ट्यातील आपली मराठी घराणी येथे एकाच वेळी आलेली नाहीत. अठराव्या शतकाच्या मध्यात रघूजी भोसल्यांनी देवगडचे राज्य आपल्या ताब्यात घेतले, तेव्हा काही घराणी कारभाराच्या निमित्ताने आली. काही शेतीसाठी मागाहून आली. आणि काही तर कोठून आलीच नाहीत, ती येथेच होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि आपला छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. माणसे जागच्या जागी राहिली व राजधानी तेवढी नागपूरहून भोपाळला गेली. २०२३ साली पांढुर्णा हा निराळा जिल्हा झाला, सौंसर त्यात गेले. पुन्हा पाट्या बदलल्या. या सर्व बदलांत आपण येथे कोण होतो, कोठून आलो, कोणाशी काय बोललो, याचा पुरावा कोठे आहे? सरकारी दप्तरात थोडा असेल. बाकीचा आपल्या माळ्यावर आहे: लाल कापडाच्या रुमालांत बांधलेल्या मोडी कागदांत, हिशेबाच्या वह्यांत, आजीच्या हातच्या ओव्यांच्या व भजनांच्या चोपड्यांत, नागपूरच्या वा अमरावतीच्या सोयऱ्यांनी पाठविलेल्या पोस्टकार्डांत.

मंडळास संगणक हवा आहे तो याच कामासाठी. घरोघरचे हे कागद गोळा करावेत, त्यांची चित्रे घ्यावीत, मोडी कागद बाळबोधीत उतरवावेत, याद्या कराव्यात आणि ज्याचे त्यास परत करावेत, असा ठराव आपण कितीतरी वर्षांपूर्वी केला. ठराव एकमताने झाला. त्यानंतर संगणकाचा विषय निघाला, आणि आम्हीच उठून म्हणालो, "थोडे थांबू या."

त्या वेळी आपल्यात मोडी सहज वाचणारे एक वृद्ध गृहस्थ होते. त्यांचे नाव येथे घेत नाही. जुने सभासद ओळखतील. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर शाळांतून मोडी गेली. त्यापूर्वी ती शिकलेले ते शेवटचे. चष्मा कपाळावर सरकवून, कागद डोळ्यांशी नेऊन ते एका बैठकीत चार-चार पत्रे वाचून दाखवीत, आणि मध्येच थांबून सांगत, "हा जो उल्लेख आहे ना, तो आपल्या नाल्याकाठच्या शेताचा." अक्षर कोणीही शिकून वाचील, ते शेत कोणते हे सांगणारा मात्र दुसरा नव्हता. ते दर बैठकीस विचारीत, "यंत्र आले का?" आम्ही सांगत असू, "येईल, दादा. जरा चांगले येऊ द्या." ते गेले त्या वर्षी यंत्र आलेले नव्हते. त्यानंतर जे यंत्र आले ते पुष्कळ चांगले होते, यात शंका नाही.

यात दैवाचा एक विनोदही आहे. जून २०१४ मध्ये युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत मोडी लिपीस संगणकावर अधिकृत जागा मिळाली. शतकानुशतके हातांनी लिहिलेले अक्षर अखेर यंत्रास ओळखीचे झाले. आम्ही ज्याची वाट पाहत होतो ते पुढचे मॉडेल म्हणावे तर हेच! ते आले तेव्हा यंत्र तयार होते, लिपी तयार होती, आणि समोर बसून 'हे शेत आपले' असे सांगणारा माणूस नव्हता. यंत्राची दर वर्षी नवी आवृत्ती निघते. माणसाची निघत नाही. एवढी साधी गोष्ट आमच्या काटकसरीच्या हिशेबात कोणत्याच रकान्यात नव्हती.

येथे एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. काही सभासद म्हणतात, ज्यांनी घाईने संगणक घेतले त्यांचे तरी काय झाले? नव्वदीच्या दशकात व त्यानंतरही कित्येकांनी हौसेने कुलवृत्तान्त टंकित करून घेतले. आज ती फाइल उघडली तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. हे खरे आहे. त्या काळचे बहुतेक देवनागरी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवीत. आपल्या भागातील टंकलेखन केंद्रांत आजही परिचित असलेला कृतिदेव घ्या: त्यात 'भारत' हा शब्द यंत्राच्या पोटात एच, के, के, जे, आर अशा पाच इंग्रजी अक्षरांच्या रूपाने राहतो. तो फॉन्ट असेपर्यंत भारत. फॉन्ट काढला की नुसती ती पाच अक्षरे. देवनागरीस स्वतःचे स्थान देणारे युनिकोड १९९१ साली प्रसिद्ध झाले होते, परंतु ते सामान्य माणसाच्या टेबलापर्यंत आले विंडोज २००० व २००१ सालच्या विंडोज एक्सपीपासून, आणि आपल्या सवयीत उतरावयास त्यास आणखी पुष्कळ वर्षे लागली.

पण या उदाहरणावरून निष्कर्ष कोणता काढावा? त्या जुन्या फाइलींचे आज काय करता येते ते पाहा. जुन्या फॉन्टमधील मजकूर युनिकोडमध्ये पालटून देणारी साधने उपलब्ध आहेत. जोडाक्षरे चुकतात, रफार भलत्याच अक्षरावर बसतो, कोणीतरी बसून ते दुरुस्त करावे लागते. पण मजकूर हाती लागतो. उलट ज्यांनी त्या काळी थांबण्याचे शहाणपण केले आणि कागद रुमालातच राहू दिले, त्यांच्या रुमालात वाळवीने जे खाल्ले ते परत देणारे साधन कोणत्याही कंपनीने अद्याप काढलेले नाही. घाई करणाऱ्यांचे नुकसान दुरुस्त होण्यासारखे होते, थांबणाऱ्यांचे नव्हते. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला, तेव्हा संगणकावरील मराठी किती अडखळत होती हे त्या काळी टंकन करणाऱ्यांस विचारावे. मराठी कळफलक निर्दोष होईपर्यंत ते लोक थांबले असते, तर आज तेथे दुरुस्त करण्यापुरताही मजकूर नसता.

उरले दोन पक्ष. 'मोबाइल पुरे' म्हणणाऱ्यांस आमचे अर्धे अनुमोदन आहे. कागद हातात आला आणि दुसरे काही जवळ नसले तर मोबाइलने चित्र घ्यावे, आजच घ्यावे. उजेड चांगला असावा आणि कागद सपाट असावा म्हणजे झाले. परंतु तीनशे पत्रांचे वाचन, त्यांची तारीखवार यादी, नावांची सूची, एका पत्रातील माणूस दुसऱ्या पत्रात शोधणे, हे काम बोटाएवढ्या कळफलकावर करून पाहिलेल्या माणसास आम्ही अजून भेटलो नाही. मोबाइलमधील चित्रे लग्नाच्या आणि सकाळच्या शुभेच्छांच्या फुलांच्या ढिगात गडप होतात, आणि मोबाइल बिघडला की सगळेच जाते. 'सर्वांत महाग घ्या' म्हणणाऱ्यांस एवढेच सांगावयाचे की, पत्रे टंकित करण्यास आणि चित्रे जपण्यास जे सामर्थ्य लागते ते आज मध्यम किमतीच्या यंत्रात पुरेपूर असते. त्याहून वरचे सामर्थ्य कोणाच्या उपयोगाचे असेल तर खेळ खेळणाऱ्या नातवाच्या. आणि त्यास ते मंडळाच्या पैशांतून मिळावे असा ठराव अजून झालेला नाही.

थांबूच नये, असे आमचे म्हणणे नाही. संत्र्याच्या बागांत वाढलेल्या आपल्यासारख्या लोकांस थांबण्याचे शास्त्र कोणी शिकवावयास नको. आंबिया बहार घ्यावयाचा तर हिवाळ्यात झाडास ताण द्यावा लागतो. पाणी तोडावे लागते. हलक्या जमिनीत हा ताण थोड्या दिवसांचा असतो, भारी काळ्या जमिनीत अधिक दिवसांचा. पाने मलूल झाली, थोडी गळू लागली की बागाईतदार ओळखतो, आता ताण पुरे. मग खत घालून, पाणी देऊन तो ताण तोडतो आणि झाड फुलावर येते. हेही थांबणेच आहे. पण ते ठरवून केलेले आहे, त्याची मुदत आहे आणि ती संपल्याची खूण झाडावर दिसते. जो बागाईतदार 'अजून थोडा ताण, अजून थोडा' म्हणत राहील, त्याच्या बागेत फुले येण्याऐवजी सल येईल. फांद्या टोकाकडून वाळत जातील. आमच्या मंडळाने आपल्या ठरावास कित्येक वर्षे ताण दिला आहे, आणि पाणी केव्हा सोडावयाचे हे कोणाच्याही वहीत लिहिलेले नाही.

आपल्या रामाकोन्याच्या स्टेशनावरून धावणारी नागपूर–छिंदवाडा अरुंद मार्गाची गाडी २०१५च्या अखेरीस थांबली. रुंद मार्गाच्या गाड्या सुरू होण्यास पुढे वर्षे गेली. तेवढी वर्षे रामाकोन्याच्या लोकांनी नागपूरला जाणे बंद ठेवले होते काय? आजारी माणसास कोणी सांगितले काय, की मोठी गाडी येऊ द्या, मग दवाखान्यात नेऊ? मिळेल त्या बसने, मिळेल त्या जीपने माणसे गेली, कारण जाण्याचे प्रयोजन ठरलेले होते. जेथे प्रयोजन पक्के असते तेथे साधनावाचून कोणी अडून बसत नाही. यावरून एक अप्रिय अनुमान निघते आणि ते आम्ही लपवून ठेवणार नाही: ज्या अर्थी आपण संगणकासाठी अडून बसलो, त्या अर्थी कागद वाचविण्याचे प्रयोजनच आपल्या मनात पुरते पक्के नव्हते. 'पुढचे मॉडेल' ही सबब होती. कामास बसण्याचा कंटाळा बोलून दाखविण्यापेक्षा तंत्रज्ञानाची चर्चा करणे अधिक प्रतिष्ठेचे असते.

तेव्हा संगणक केव्हा घ्यावा, या प्रश्नाचे उत्तर दुकानदारास विचारू नये. आपल्या कामास विचारावे. त्या यंत्रापुढे आठवड्यातून दोन दिवस बसणारा माणूस ठरला आहे काय? त्याने प्रथम कोणता रुमाल सोडावयाचा हे ठरले आहे काय? हाताशी असलेले यंत्र त्या कामास खरोखर अडसर होत आहे काय? या तिन्ही प्रश्नांचे उत्तर 'होय' असेल तर त्याच आठवड्यात यंत्र घ्यावे, मग दुसऱ्या दिवशी त्याहून चांगले का येईना. पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर 'नाही' असेल तर जगातील सर्वोत्तम यंत्रही घेऊ नये. ते झाकण घालून ठेवले जाईल आणि त्यावर हळदीकुंकवाच्या वाणाच्या पिशव्या ठेवल्या जातील. आणि तिसऱ्याच प्रश्नाचे उत्तर 'नाही' असेल, तर जुनेच यंत्र कामास लावावे. लिनक्ससारखी विनामूल्य प्रणाली विंडोज ११ने नाकारलेल्या पुष्कळ यंत्रांवर उत्तम चालते, तिच्यात देवनागरीचा इनस्क्रिप्ट कळफलक असतो, आणि टंकन व चित्रे जपणे यांस ती पुरेशी आहे.

घेण्याचे ठरलेच तर कशावर खर्च करावा, हेही सांगून टाकतो, म्हणजे पुढील बैठकीत त्यावर तास जाणार नाही. यंत्र विंडोज ११ चालविणारे असावे, त्यात एसएसडी असावी, परवडत असेल तर रॅम सोळा जीबी असावी, तेथे थांबावे. उरलेला पैसा एका चांगल्या स्कॅनरवर आणि बाहेरून जोडावयाच्या दोन डिस्कांवर घालावा. चित्र इंचास निदान ३०० बिंदू या मापाने घ्यावे. टंकन युनिकोडमध्येच व्हावे. फाइली कोणत्याही यंत्रावर उघडतील अशा साध्या स्वरूपात ठेवाव्यात, आणि त्यांच्या तीन प्रती असाव्यात: एक यंत्रात, एक कपाटातील डिस्कवर, एक दुसऱ्या गावी राहणाऱ्या सभासदाच्या घरी. एवढे पाळले की यंत्र पाच वर्षांनी जुने झाले तरी मजकूर जुना होत नाही. तो पुढच्या यंत्रात सुखाने जातो. आपण आजवर यंत्राच्या आयुष्याची चिंता केली. चिंता करावयाची ती मजकुराच्या स्वरूपाची आणि प्रतींच्या संख्येची.

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ साली प्रसिद्ध केला आणि पुढे एकूण बावीस खंड काढले. गावोगाव हिंडून, लोकांच्या माळ्यांवर चढून, पुष्कळदा मालकांच्या विनवण्या करून त्यांनी कागद मिळविले. त्यांच्या हाती बोरू आणि कागद होता. छायाचित्राची सोय असली तरी ती प्रत्येक कागदासाठी परवडण्यासारखी नव्हती. नकला हातानेच करावयाच्या होत्या. नकलेचे यंत्र येईपर्यंत थांबावे असे म्हणण्यास त्यांच्याजवळ आमच्यापेक्षा कितीतरी सबळ कारण होते. ते थांबले नाहीत, म्हणून आज आपल्याजवळ ते खंड आहेत आणि त्यांच्यावर वाद घालण्याची चैनही आहे.

म्हणून आमची मंडळास जाहीर विनंती आहे, आणि विनंती मान्य न झाल्यास पुढील सभेत आम्ही ती ठराव म्हणून मांडणार आहोत. वर्षभर थांबण्याचा ठराव रद्द करावा. संगणकाची चर्चा करण्यापूर्वी सभेने दोन नावे लिहावीत: कामास बसणाऱ्याचे एक आणि पहिला रुमाल देणाऱ्या घराचे एक. ती नावे लिहिली गेली की त्याच सभेत पैसे मंजूर करावेत. पहिल्या रुमालासाठी आम्ही आमचेच घर सुचवितो. त्यातील काही पत्रे त्या वृद्ध गृहस्थांनी आम्हांस वाचून दाखविली होती; कोणती, आणि त्यांत काय होते, ते आता आम्हांस पुरते आठवत नाही. जे आठवते ते आम्ही कागदाच्या समासात पेन्सिलीने लिहून ठेवले आहे. या वर्षीची आंबिया बहाराची फळे उतरण्यापूर्वी निदान तेवढे तरी यंत्रात जावे.